घरच्या बैठकीत फ्लॉरेन्स प्राइस: चार-पाच वाद्यांचे संगीत कसे ऐकावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या ज्या घरात दहा-पंधरा माणसे सतरंजीवर ऐसपैस बसू शकतात, ते घर फ्लॉरेन्स प्राइस यांचे चेंबर म्युझिक ऐकण्यासाठी पुरेसे आहे. पुरेसे म्हणताना मी तडजोड सुचवत नाही. या संगीताची मूळ जागाच ती आहे. सिंफनीला मोठे सभागृह, साठ-सत्तर वादक आणि त्यांच्यासमोर उभा राहणारा संचालक लागतो. चेंबर म्युझिकमध्ये दोन, चार किंवा पाच वादक असतात, एकाच्या वाट्याला आलेली ओळ दुसरा कोणी वाजवत नसतो, आणि हाताने खूण करणारा कोणी नसल्यामुळे एकमेकांच्या श्वासाकडे आणि गजाकडे लक्ष ठेवूनच त्यांना पुढे जावे लागते. आपल्याकडे ज्याला बैठक म्हणतात तिच्याशी या प्रकाराचे नाते जवळचे आहे, आणि म्हणून ज्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत कधीच ऐकलेले नाही अशा मंडळींना मी सिंफनीच्या नव्हे, तर चेंबर म्युझिकच्या दारातून आत नेतो.

फ्लॉरेन्स प्राइस यांचीच निवड का, असे मला विचारले जाते. त्यांचा जन्म ९ एप्रिल १८८७ रोजी अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात लिटल रॉक या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील दंतवैद्य होते आणि आई संगीत शिकवीत असे. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीतून १९०६ मध्ये त्यांनी ऑर्गन आणि पियानो या दोन्हींचे शिक्षण पूर्ण केले. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली त्यांची ई मायनर या स्वरपट्टीतील पहिली सिंफनी वाजवली, आणि अमेरिकेतील एखाद्या मोठ्या ऑर्केस्ट्राने आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ ठरली. तथापि माझे कारण हा मान नाही. त्यांच्या चेंबर म्युझिकमध्ये लोकांच्या टाळ्या, पावले आणि प्रार्थनेची गाणी अभिजात रचनेच्या आत आपली चाल न सोडता वावरतात. ज्या प्रदेशात आखाजीला झोक्यावर गाणी म्हटली जातात आणि गुलाबाईपुढे टिपऱ्या वाजतात, तिथल्या कानाला ही चाल ओळखीची वाटते.

बैठकीआधी एवढेच सांगावे. याहून अधिक सांगण्याची चूक मी पहिल्या वर्षी केली. पाऊण तास मी त्यांचे चरित्र सांगितले, त्यांना सोसाव्या लागलेल्या गोष्टी सांगितल्या आणि नंतर अर्ध्या तासाचा पियानो क्विंटेट, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांची रचना, एका दमात लावला. भजनी मंडळात मृदंग वाजवणारे एक वयस्कर गृहस्थ निघताना मला म्हणाले, "बाईनं दुख समजनं, पन गानं काय समजनं नही." त्यांचे म्हणणे अचूक होते. आमच्या मंडळींनी एका स्त्रीबद्दल सहानुभूती बाळगली होती. तिचे संगीत मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यानंतर मी क्रम बदलला: आधी लय, मग सूर, मग ओळींची गुंफण, आणि इतिहास मध्ये जिथे त्याची गरज पडते तिथे. पुढे जे सांगतो आहे ते याच क्रमाने आहे.

खोली आणि आवाज

हे काम कार्तिक ते माघ या दिवसांत करावे. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसणे अशक्य असते आणि कूलरच्या घरघरीत सर्वांत आधी बुडतो तो व्हायोलाचा, म्हणजे व्हायोलिनहून थोड्या मोठ्या आणि खालच्या सुराच्या वाद्याचा, आवाज. तो एकदा बुडाला की चार वाद्यांची वीण उसवते आणि ऐकणाऱ्याला फक्त वरचे व्हायोलिन आणि खालचा चेलो एवढेच उरते. पंखाही शक्यतो बंद असावा.

मोबाइलच्या लहान ब्लूटूथ स्पीकरवर हे संगीत ऐकवू नये. एकाच डबीतून चारही वाद्ये बाहेर पडली, तर पहिले आणि दुसरे व्हायोलिन वेगळे काढता येत नाही, आणि ते वेगळे काढता येणे हाच या श्रवणाचा निम्मा भाग आहे. साधे दोन स्पीकर असले तरी चालतात. ते एकमेकांपासून सहा-सात फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. आवाज मोठा करू नये. खोलीत खरोखर चार माणसे वाजवीत बसली असती तर जेवढा आला असता तेवढाच ठेवावा. फरशी गुळगुळीत आणि भिंती रिकाम्या असलेल्या नव्या घरांत आवाज घुमतो, तेव्हा स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एक-दोन जाड गोधड्या टांगाव्यात. याने पडणारा फरक इतका स्पष्ट असतो, की पूर्वी नको म्हणणारे यजमानही पुढच्या वेळी स्वतः गोधड्या काढून ठेवतात. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून ध्वनिमुद्रणे आधीच उतरवून घ्यावीत.

ध्वनिमुद्रणांबाबत तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली, कॅटलिस्ट क्वार्टेट या चार वादकांच्या गटाने 'अनकव्हर्ड' या मालेचा २०२२ मध्ये आलेला दुसरा भाग पूर्णपणे प्राइस यांना वाहिला असून त्यात पियानोवर मिशेल कॅन आहेत. सुरुवातीला हा एकच संग्रह हाताशी असला तरी पुष्कळ आहे. कॅलिडोस्कोप चेंबर कलेक्टिव्हने २०२१ मध्ये केलेले पियानो क्विंटेटचे ध्वनिमुद्रणही सुंदर आहे. दुसरी गोष्ट, त्यांचा दुसरा स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांची रचना) आणि गाजलेला पियानो क्विंटेट हे दोन्ही ए मायनरमध्ये आहेत आणि दोन्हींत 'जुबा' नावाचा भाग आहे, त्यामुळे शोधताना हमखास गल्लत होते. पियानो ऐकू येतो आहे की नाही, हे पाहूनच पुढे जावे. तिसरी, जी मेजर क्वार्टेटमधील संथ भाग अनेक ठिकाणी तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्याने वाजवलेला मिळतो. तोही गोड आहे, परंतु आपल्याला चारच वादकांचा हवा.

पहिली पायरी: मांडीवरचा ताल

पहिल्या बैठकीची सुरुवात ए मायनर पियानो क्विंटेटच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे 'जुबा'ने करावी. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि पियानो अशी पाच वाद्ये आहेत आणि हा भाग जेमतेम चार मिनिटांचा आहे. मात्र तो लावण्यापूर्वी सर्वांच्या हातांना थोडे काम द्यावे.

निम्म्या मंडळींनी उजव्या हाताने मांडीवर सावकाश, सारख्या अंतराने थाप द्यावी. उरलेल्यांनी प्रत्येक थापेच्या पोटात 'त-क-धि-मि' असे चार बोल मनात म्हणावेत आणि 'धि' गाळून फक्त 'त', 'क' आणि 'मि' यांवर टाळी वाजवावी. मधला आघात लांबतो, दोन्ही बाजूंचे आघात आखूड राहतात आणि सरळ चाललेल्या पावलात एक हेलकावा येतो. दोन-तीन मिनिटांत हे जमते. ज्यांनी लहानपणी टिपऱ्या खेळल्या आहेत त्या बायकांना ते सर्वांत आधी जमते, असा माझा अनुभव आहे. गटांची अदलाबदल करून पुन्हा करावे. मग काही न बोलता ध्वनिमुद्रण लावावे. खालच्या सुरांत मांडीवरची थाप आणि वरच्या ओळींत तो हेलकावा मंडळींना आपोआप सापडतो, आणि 'हे कळण्यासारखे नाही' हा धाक पहिल्या अर्ध्या मिनिटात नाहीसा होतो.

ऐकून झाल्यावर, आणि फक्त तेव्हाच, जुबा म्हणजे काय ते सांगावे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या आफ्रिकन लोकांचे हे नृत्य. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांनी स्टोनो येथे उठाव केला. ढोलाच्या आवाजावर माणसे गोळा होतात आणि दूरवर निरोप जातात, हे ओळखून तिथल्या सत्ताधाऱ्यांनी १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल वापरण्यास बंदी केली, आणि तशी बंधने अन्यत्रही आली. मग लोकांनी स्वतःच्या शरीरालाच वाद्य केले: मांडीवर, छातीवर, खांद्यावर थापा, तळव्यांवर टाळ्या, जमिनीवर पाय. त्या थापांना 'पॅटिंग जुबा' म्हणत. युरोपीय रचनेत तिसऱ्या भागाच्या जागी नृत्याच्या चालीचा मिन्युएट किंवा चपळ असा स्केर्ट्झो ठेवण्याची रीत होती. प्राइस यांनी आपल्या सिंफनींत, क्वार्टेटमध्ये आणि क्विंटेटमध्ये त्या जागी जुबा बसवला. क्विंटेटमध्ये चर्मवाद्य एकही नाही, आणि ते नसताना पियानोचा डावा हात व चेलो मिळून जी पावले टाकतात, ती त्या बंदीची आठवण ठेवून ऐकावीत. हे सांगून झाल्यावर तोच भाग दुसऱ्यांदा लावावा. आमच्याकडे या दुसऱ्या वेळी खोलीत टाळी वाजत नाही, सर्वजण अगदी शांत होतात.

एक सावधगिरी इथे बाळगावी. आपल्या टिपऱ्यांशी साम्य दिसले म्हणून 'हे आपलेच आहे' असे म्हणून मोकळे होऊ नये. साम्य हे आत शिरण्यापुरते आहे. आपल्या तालात आवर्तन असते, समेची ओढ असते. इथे तशी सम नाही, मूळ धून पुन्हा येते आणि तिच्या येण्याने आपण घरी परतलो असे वाटते. तबल्याची सवय असलेले श्रोते समेची वाट पाहत बसतात आणि निराश होतात, म्हणून त्यांना हे आधी सांगून ठेवणे बरे.

दुसरी पायरी: भूपाचे सूर, परंतु भूप नव्हे

यानंतर जी मेजर स्ट्रिंग क्वार्टेटमधील संथ भाग लावावा. हा क्वार्टेट १९२९ मधला असून त्याचे दोनच भाग उपलब्ध आहेत. आपल्याला हवा तो दुसरा, आंदान्ते मोदेरातो म्हणजे मध्यम संथ चालीचा, सात-आठ मिनिटांचा. माझ्या मते फ्लॉरेन्स प्राइस यांची ओळख करून घ्यायची तर एवढी एक रचना पुरेल, आणि बैठकीतला सर्वांत जास्त वेळ मी तिलाच देतो.

आफ्रिकन-अमेरिकन लोकांची जी प्रार्थनागीते आहेत, ज्यांना स्पिरिच्युअल म्हणतात, त्यांच्या वळणाची ही धून आहे. ती कोणत्याही एका गीतावरून घेतलेली नाही. त्या गीतांच्या श्वासात प्राइस यांनी स्वतः रचलेली आहे. अशा अनेक गीतांची चाल पाच सुरांभोवती फिरते, आणि आपल्या कानाला सा रे ग प ध म्हणजे भूप आठवणे अगदी स्वाभाविक आहे. खोलीत पेटी असेल तर भूपाचा आरोह-अवरोह एकदा वाजवून घ्यावा, त्याने कान उघडतो. पण पेटी लगेच बंद करावी. एकदा आमच्यातल्या एका उत्साही विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणासोबत मोबाइलवर तानपुरा सुरू केला आणि काही क्षणांतच दोन्ही एकमेकांवर आदळू लागले, कारण या संगीतात षड्ज कायमचा स्थिर नसतो. खालची तीन वाद्ये सतत आपली जागा बदलतात, आणि वरचा सूर तोच राहिला तरी त्याच्याखालची जमीन सरकल्यामुळे त्याचा रंग बदलतो. आपण एका सुरावर मींड, आंदोलन, कण यांनी जो रंग भरतो, तो रंग इथे शेजारचे सूर भरतात. म्हणून श्रोत्यांना एवढेच सांगावे, की धून ऐकताना तिच्याखाली काय हलते आहे तिकडे अधूनमधून कान न्यावा.

या भागाची घडण सोपी आहे. आरंभी ती शांत धून येते. मध्ये चाल बदलते, बोटांनी तारा छेडल्याचे आवाज येतात, संगीत चपळ होते आणि त्यात थोडी अस्वस्थताही शिरते. शेवटी पहिली धून परत येते. पहिल्यांदा ऐकताना, धून परत आली असे ज्याला वाटेल त्याने हात वर करावा, असे सांगून ठेवावे. काहींचा हात लवकर वर जातो, काहींचा उशिरा, आणि त्यावरून जी चर्चा होते तिच्यातूनच रचना समजते; कोणी समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटून, हात न उचलता ऐकावे. परतलेली धून कागदावर जवळपास तीच असली, तरी मधल्या अस्वस्थतेनंतर ती ऐकताना आपण तेच राहिलेलो नसतो. आखाजीला माहेरी आलेली लेक झोक्यावर तेच जुने गाणे म्हणते, तेव्हा त्यात मधल्या वर्षाची भर पडलेली असते, असे एका श्रोत्या बाईंनी या ठिकाणी म्हटले होते आणि मला ते पूर्णपणे पटले.

चहाच्या वेळेत सांगायचे ते

इथे थांबून चहा द्यावा आणि उरलेला इतिहास सांगावा, कारण आता श्रोत्यांच्या कानांत ज्या बाईचे संगीत आहे तिच्याबद्दल त्यांना स्वतःहून विचारायचे असते.

आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा गुलामगिरीचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा प्राइस यांच्या जन्माला अजून चौदा वर्षे होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण माणसाची जागा वर्णावरून ठरवणे संपलेले नव्हते. लिटल रॉकमधील वर्णद्वेषी हिंसाचारामुळे प्राइस कुटुंबाला १९२७ मध्ये गाव सोडून शिकागोला जावे लागले. पुढे विवाह मोडला, दोन मुलींची जबाबदारी अंगावर होती, आणि मूकपटांच्या वेळी ऑर्गन वाजवणे, रेडिओच्या जाहिरातींसाठी संगीत करणे अशी कामे करून त्यांनी संसार चालवला. याच काळात, १९३२ मध्ये, पहिल्या सिंफनीला वानामेकर स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. बॉस्टन सिंफनीचे संचालक सर्गेई कूसेवित्स्की यांना १९४३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी आरंभीच सांगून टाकले, की आपल्या वाटेत दोन अडसर आहेत, एक स्त्री असण्याचा आणि दुसरा वर्णाचा. आणि आपल्या रचना केवळ गुणावर पारखाव्यात अशी त्यांची मागणी होती.

३ जून १९५३ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले आणि त्यांचे बरेचसे संगीत नजरेआड गेले. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील सेंट ॲन या गावी, प्राइस पूर्वी उन्हाळ्यात जिथे राहत असत ते पडके घर नव्या मालकांनी दुरुस्तीला घेतले, तेव्हा आत हस्तलिखितांचे ढीग सापडले. घरावर झाड कोसळून छताला भगदाड पडले होते, पण कागद होते तो कोपरा कोरडा राहिला होता. दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचना) आणि चौथी सिंफनी त्या कागदांतून मिळाली. आज हे दप्तर आर्कान्सॉ विद्यापीठात आहे. खानदेशातल्या कोणत्याही बैठकीत इथे बहिणाबाईंचे नाव निघतेच, आणि ते निघावे. असोद्याच्या या माउलीच्या ओव्या मुलाने आणि नातलगाने वहीत उतरवून ठेवल्या म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापून आल्या. फरकही सांगावा: बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तर प्राइस यांचे शिक्षण त्यांच्या काळातल्या उत्तम संस्थेत झाले होते, आणि तरीही कागद जपून ठेवणारी यंत्रणा त्यांच्या वाट्याला आली नाही.

तिसरी पायरी: एकेका ओळीचा माग

चहानंतरचे काम सर्वांत कठीण आणि माझ्या दृष्टीने सर्वांत आनंदाचे आहे. 'फाइव्ह फोकसाँग्ज इन काउंटरपॉइंट' ही स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहिलेली पाच लोकगीतांची माला आहे. तिच्यात 'कॅल्व्हरी' आणि 'स्विंग लो, स्वीट चॅरिअट' ही स्पिरिच्युअल्स आहेत, 'शॉर्टनिन ब्रेड' आहे, एक जुने इंग्रजी प्रेमगीत आहे आणि 'क्लेमेंटाइन' आहे. काउंटरपॉइंट म्हणजे एकाच वेळी चाललेल्या अनेक स्वतंत्र धुना, ज्या प्रत्येकी एकट्याही गाता येतील आणि एकत्र आल्या तरी एकमेकींना तोलून धरतील. आपल्या संगीतात मुख्य धून एक असते आणि साथीदार तिच्या मागोमाग जातात. इथे मागोमाग जाणारा कोणी नसतो. ही सवय कानाला नसते, म्हणून सुरुवात माहीत असलेल्या चालीपासून करावी. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मुलांना 'क्लेमेंटाइन'ची चाल पाठ असते. ती एका मुलाकडून आधी गाऊन घ्यावी आणि मग 'क्लेमेंटाइन' तीन वेळा लावावे.

पहिल्या वेळी फक्त चेलो ऐकावा, सर्वांत खालचा, जाड आवाजाचा. दुसऱ्या वेळी पहिले व्हायोलिन. तिसऱ्या वेळी व्हायोला, जो मधोमध दबून असतो आणि ज्याला शोधावे लागते. हातात कागदाची पट्टी द्यावी, तिच्यावर चार वाद्यांची नावे लिहावीत, आणि ओळखीच्या चालीचा तुकडा ज्या वाद्यात ऐकू येईल त्यापुढे रेघ ओढायला सांगावे. धून एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते, कधी अर्धीच येते, कधी एक वाद्य ती सुरू करते आणि ती संपण्याच्या आतच दुसरे तिला उचलते. रेघा चुकल्या तरी हरकत नाही. मुलांच्या पट्ट्या मोठ्यांपेक्षा अधिक बरोबर येतात, याचे कारण कदाचित हे असावे, की पूर्ण अर्थ लागेपर्यंत थांबण्याची सवय त्यांना अजून जडलेली नसते.

मग 'स्विंग लो'. ही चाल बहुतेकांना माहीत नसते, म्हणून पेटीवर तिचा चेहरा दाखवावा: गंधारावरून षड्जावर उतरते, तिथून मंद्र धैवत-पंचमापर्यंत खाली जाते आणि पुढच्या ओळीत षड्जावरून पंचमापर्यंत चढते, पुन्हा पाचच सूर. गाण्यात एक स्वर्गीय रथ खाली येऊन आपल्याला घरी नेईल अशी आशा आहे. हे गाणे समूहात म्हटले जाते तेव्हा एक जण ओळ सुरू करतो आणि सर्व जण तिची पूर्ती करतात. आखाजीच्या झोक्यावर दोन बाजूंच्या मुली एकमेकींना गाण्याने उत्तर देतात, तसे हे हाक आणि उत्तर. क्वार्टेटमध्ये शब्द नाहीत, पण कोण हाक देते आणि कोण उत्तर, हे वाद्यांत शोधण्यासारखे आहे. इथे पट्टी देऊ नये. दिवसभराचे काम झालेले असते आणि हे गाणे नुसते ऐकावे.

पहिली बैठक एवढीच. एकूण वादन अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त होऊ देऊ नये, आणि जेवण नंतर ठेवावे. भरीत-भाकरी झाल्यावर व्हायोला कोणालाच सापडत नाही. जेवताना मात्र चर्चा मोकळेपणाने होते आणि यजमानांनी ती होऊ द्यावी.

दुसरी आणि तिसरी बैठक

दुसऱ्या बैठकीला ए मायनर पियानो क्विंटेट पूर्ण ऐकावा. पहिला भाग सर्वांत लांब आणि भारदस्त आहे. त्यात पियानो आणि चार तंतुवाद्ये यांच्यापैकी बोलणे कोणाकडे आहे एवढ्यावर लक्ष ठेवले तरी वाट चुकत नाही. दुसरा भाग पुन्हा प्रार्थनेच्या वळणाचा आहे, आणि जी मेजरचा संथ भाग ऐकलेल्यांना तो आपलासा वाटतो. तिसरा जुबा आता सर्वांच्या ओळखीचा असतो, आणि लांब प्रवासात ओळखीचे स्टेशन यावे तशी खोलीत हालचाल होते. चौथ्या भागाबद्दल आधी सूचना द्यावी: तो छोटा, वेगवान स्केर्ट्झो आहे, मोठ्या समारोपाची वाट पाहणाऱ्याच्या हातून तो निसटून जातो.

अमेरिकेत राहून गेलेले बोहेमियाचे रचनाकार द्व्हॉर्झाक यांनी १८९३ मध्ये म्हटले होते, की अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया कृष्णवर्णीयांच्या गीतांवर उभारला जावा. त्यांचा त्याच वर्षीचा 'अमेरिकन' स्ट्रिंग क्वार्टेट या बैठकीत प्राइस यांच्या शेजारी लावून पाहण्यासारखा आहे. पाहुण्याने मनापासून ऐकलेली गाणी आणि घरच्या माणसाने लिहिलेली गाणी यांतला फरक दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर कळतो. द्व्हॉर्झाक यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला जुबातले पाऊल अधिक खरे वाटते.

तिसऱ्या बैठकीसाठी ए मायनरमधील दुसरा स्ट्रिंग क्वार्टेट आहे. तो चार भागांचा, गंभीर आणि आधीच्या सर्व रचनांपेक्षा अवघड आहे. घाई करू नये. पहिल्या दोन बैठकींना आलेली माणसे टिकली असतील तरच तो लावावा.

गावात कोणी मूल पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकत असेल, तर त्याला प्राइस यांची 'अडोरेशन' ही छोटी रचना बसवायला सांगावी. ती मुळात ऑर्गनसाठी लिहिलेली असून १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आता व्हायोलिन व पियानोच्या रूपात जगभर वाजवली जाते. चाल संथ आहे, बोटांची कसरत नाही, गज मात्र लांब आणि एकसारखा चालवावा लागतो. पियानो नसेल तर साधा कीबोर्ड चालेल. मुलाला स्पीकर ठेवले होते त्याच जागी बसवावे, भिंतीवरच्या गोधड्या तशाच राहू द्याव्यात आणि वादन सुरू होण्यापूर्वी पंखा बंद करावा.